शेजारच्या खुर्चीशीं मतभेद



आजच्या भाषणाचा विषय कार्यक्रमपत्रिकेंत वाचून आपल्यापैकीं कांहींजणांना हंसूं आलें असेल. केशकर्तनालयांत शेजारीं शेजारीं काम करणाऱ्या दोन कारागिरांचें स्वच्छतेवरून पटत नाहीं, तर तें कसें पटवावें, हा प्रश्न त्या दोघांचा आणि फार तर त्यांच्या मालकाचा. आपण तो घरीं बसून कां ऐकावा? माझें उत्तर सरळ आहे. ज्या कंगव्यावरून ते दोघे भांडतात तो कंगवा उद्यां आपल्या किंवा आपल्या चिरंजिवांच्या केसांतून फिरणार आहे. भांडण त्यांचें असलें तरी डोकें आपलें आहे. शिवाय दुसरेंहि एक कारण आहे. एका मोरीवर, एका ओट्यावर किंवा एका टेबलावर ज्यांना रोज काम करावें लागतें त्यांच्यांत स्वच्छतेवरून होणारीं भांडणें सगळीकडे एकाच रीतीनें चिघळतात. केशकर्तनालयांत आरसे पुष्कळ असल्यामुळें ती रीति अधिक स्पष्ट दिसते, इतकेंच.

असें एक दुकान डोळ्यांसमोर आणा. स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दोन खुर्च्यांचें. समोर लांब आरसा, आरशाखालीं फळी, आणि फळीवर कात्र्या, कंगवे, केस कापण्याचें विजेचें यंत्र, ज्याला दुकानांत नुसतें 'मशीन' म्हणतात, पाण्याचा फवारा, मानेवरचे केस झटकण्याचा ब्रश आणि तुरटीचा एक मोठा खडा. उजव्या खुर्चीवर एक वयस्क कारागीर. तीस वर्षें हाच धंदा. वडील धोकटी घेऊन घरोघर जात, तें त्यांनीं लहानपणीं पाहिलेलें. दुकानांत सगळे त्यांना अण्णा म्हणतात. डाव्या खुर्चीवर बावीस-तेवीस वर्षांचा तरुण. एका संस्थेंत सहा महिने शिकून, प्रमाणपत्र घेऊन आलेला. तो अण्णांना 'अहो अण्णा' म्हणतो. अण्णा त्याला 'अरे पोरा' म्हणतात, आणि राग आला म्हणजे 'मास्तर' म्हणतात.

मतभेदाला पहिल्या आठवड्यांतच तोंड लागतें. तरुण म्हणतो, "अण्णा, हा मानेचा ब्रश सकाळपासून तसाच फिरतो आहे. निदान दुपारीं तरी धुवूं या." अण्णा म्हणतात, "तीस वर्षें फिरतो आहे. कुणाची मान गळून पडली?" तरुण म्हणतो, "जंतु डोळ्यांना दिसत नाहींत, अण्णा." अण्णा म्हणतात, "तुला दिसतात वाटतें, मास्तर!" खुर्चीवरचें गिऱ्हाईक आरशांत हंसतें, तरुणाचा चेहरा उतरतो, आणि त्या क्षणीं ब्रशाचा प्रश्न संपून दुसराच प्रश्न सुरू होतो. अण्णांच्या मनांत येतें कीं, कालच्या पोरानें माझीं तीस वर्षें घाणेरडीं ठरविलीं. तरुणाच्या मनांत येतें कीं, चारचौघांत माझ्या शिक्षणाची थट्टा झाली. ब्रश मात्र फळीवर पडून असतो, आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या मानेवरून तसाच फिरतो.

आपल्याकडे स्वच्छतेचा शब्द नुसता वस्तूला लागून थांबत नाहीं, तो माणसालाहि लागतो. ज्या समाजानें शतकानुशतकें माणसांनाच सोंवळीं-ओंवळीं ठरविलें, त्या समाजांत 'तुमची पद्धति अस्वच्छ आहे' हें वाक्य फार खोल जातें. आणि ज्या धंद्यांतल्या माणसांनीं इतरांचा मळ काढूनहि स्वतः हिणकसपणा सोसला, त्यांना तर तें अधिकच झोंबतें. अण्णा चिडले याचें तरुणाला नवल वाटतें, तें त्याला ही बाजू ठाऊक नसते म्हणून. तेव्हां ज्याला हें भांडण मिटवावयाचें आहे त्यानें आधीं माणूस बाजूला ठेवावा आणि वस्तु हातांत घ्यावी. हा ब्रश, हा कंगवा, हा टॉवेल, हें पातें. 'तुम्ही' आणि 'तूं' हे शब्द जितके कमी येतील तितकें बरें.

वस्तु हातांत घेतली म्हणजे लगेच दिसून येतें कीं, दोघेहि 'स्वच्छता' या एकाच शब्दाखालीं तीन निरनिराळ्या गोष्टी बोलत होते. एक टापटीप: जमिनीवर केस नसावे, फळी पुसलेली असावी, आरशावर डाग नसावे. दुसरी धुणें: साबण-पाण्यानें मळ, तेल, केस काढून टाकणें. तिसरी निर्जंतुक करणें: जे जंतु धुण्यानें जात नाहींत ते औषधानें किंवा उष्णतेनें मारणें. अण्णा टापटिपीचे भोक्ते आहेत. जमिनीवर मूठभर केस सांचले कीं ते अस्वस्थ होतात, आणि तरुण झाडू मारावयाला विसरला म्हणजे 'शिकलेले लोक' म्हणून टोमणा मारतात. तरुणाला जमिनीचें कांहींच वाटत नाहीं. त्याचें सारें लक्ष औषधाच्या बाटलीकडे. प्रत्येकाला दुसरा गबाळा वाटतो, आणि आपापल्या अर्थानें दोघांचेंहि खरें असतें.

आतां या दोघांपैकीं बरोबर कोण, हें पाहूं. येथें मी जरा रेंगाळणार आहें, कारण सहकाऱ्यांचीं भांडणें मिटविण्याविषयीं बोलणारे पुष्कळ लोक 'दोघांचेंहि थोडें थोडें बरोबर असतें' एवढें म्हणून मोकळे होतात. थोडें थोडें म्हणजे कोणतें, हें कुणी सांगत नाहीं. आणि तें सांगितल्यावांचून भांडण मिटत नाहीं, फक्त दबतें.

तरुणाची एक संवय पाहा. गिऱ्हाईक उठलें कीं तो कंगवा उचलतो, त्यावर स्पिरिटचा फवारा मारतो, कपड्यानें पुसतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला घेतो. कंगव्याच्या दातांत तेल आणि केस तसेच अडकलेले असतात. त्याच्या दृष्टीनें कंगवा निर्जंतुक झाला. वस्तुतः झालेला नाहीं. मळाच्या थराखालीं जंतुनाशक पोंचत नाहीं, आणि कांहीं औषधांची शक्ति तर मळावरच खर्ची पडते. म्हणून आधीं धुणें आणि मग औषध, हा क्रम मोडून चालत नाहीं. शिवाय औषधाला वेळ लागतो. त्या त्या बाटलीवर तो छापलेला असतो, कंगवे भिजविण्याच्या औषधांवर बहुधा १० मिनिटांचा. तितका वेळ वस्तु ओली राहिली पाहिजे. फवारा मारून लगेच पुसलें म्हणजे औषध लावलें आणि काढलें, इतकेंच झालें. स्पिरिटच्या बाबतींत आणखी एक गंमत आहे. शंभर टक्के अल्कोहोल सर्वांत जालीम असेल असें आपल्याला वाटतें. पण जंतूंवर ७० टक्क्यांच्या सुमाराचें मिश्रण अधिक चांगलें चालतें. जंतूंच्या अंगांतील प्रथिनें बिघडविण्याला थोडें पाणी लागतें, आणि पाणी असलें म्हणजे तें उडूनहि लवकर जात नाहीं.

अण्णा, उलट, रात्रीं सगळे कंगवे साबणाच्या गरम पाण्यांत घालून एक एक दांत ब्रशानें घासतात. तरुणाला तें जुनाट वाटतें. परंतु दोघांत अधिक मोलाचें पहिलें पाऊल अण्णांचेंच आहे. फक्त तें दिवसांतून एकदां पडतें, आणि दुसरें पाऊल पडतच नाहीं.

कात्रीच्या बाबतींतहि तसेंच. तरुणानें कपडे धुण्याचें ब्लीच पाण्यांत मिसळून त्यांत कात्री बुडविली, तेव्हां अण्णा खवळले. "कात्री खाऊन टाकशील!" त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें आहे, क्लोरीनयुक्त ब्लीच पोलादाला खातें, धार जाते, गंज चढतो. जमिनीवर किंवा बेसिनवर रक्त सांडलें असतां तें पुसण्याला विरळ ब्लीच उत्तम. चांगल्या कात्रीला तें नव्हे. कात्री धुवून, कोरडी करून ७० टक्क्यांच्या स्पिरिटनें ओली ठेवावी किंवा धातूला चालणाऱ्या जंतुनाशकांत भिजवावी. तरुणानें मालकाकडून हट्टानें आणविलेली ती जांभळ्या प्रकाशाची पेटीहि अण्णांना हंसण्याचा विषय झाली आहे, आणि त्यांत पुष्कळ तथ्य आहे. अतिनील किरण जेथें पडतात तेथेंच कांहीं करतात. कंगव्याच्या दातांच्या सांवलींत किंवा मळाखालीं ते पोंचत नाहींत. धुतलेल्या वस्तु धूळ न बसतां ठेवण्याला ती पेटी बरी. मळलेली वस्तु तिच्यांत ठेवून स्वच्छ होत नाहीं.

परंतु दोन बाबी अशा आहेत कीं, तेथें तरुण पूर्णपणें बरोबर आहे आणि अण्णा पूर्णपणें चुकत आहेत. पहिली तुरटी. दाढी झाली कीं ओला खडा गालावरून फिरवावयाचा ही जुनी रीत. तुरटीनें कातडी आवळते आणि बारीक रक्त थांबतें, हें खरें. पण ती जंतु मारून आपली आपण शुद्ध होते हा समज खोटा. पातें फिरलेल्या गालावर डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात. एका गालावरचें रक्त खड्यावर येतें, आणि खडा दुसऱ्या गालावर जातो. दुसरी बाब वस्तऱ्याची मूठ. आतां बहुतेक दुकानांत पातें दर गिऱ्हाइकाला नवें घालतात, अण्णाहि घालतात, आणि म्हणतात, "आतां आणखी काय पाहिजे?" पण पातें ज्या मुठींत बसतें तिच्या खांचेंत साबणाचा फेंस, केस आणि कधीं रक्त राहतें. नवें पातें त्याच खांचेंत बसतें.

हें सगळें कशासाठीं, असें अण्णा विचारतील, आणि त्यांना तें विचारण्याचा अधिकार आहे. 'जंतु असतात' एवढ्या उत्तरानें तीस वर्षें अनुभव घेतलेल्या माणसाचें समाधान होत नाहीं. नेमकें सांगितलें पाहिजे. यकृताला सूज आणणाऱ्या 'हिपॅटायटिस बी' रोगाचा विषाणु शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तांत, निदान ७ दिवस जिवंत राहूं शकतो. तो नुसत्या नजरेला न दिसणाऱ्या रक्तांतूनहि जातो, आणि ज्याच्या शरीरांत तो आहे त्याला कित्येकदां वर्षानुवर्षें पत्ता नसतो. म्हणजे तीस वर्षांत कुणी तक्रार करावयाला आलें नाहीं, यावरून कुणाला कांहीं झालें नाहीं असें सिद्ध होत नाहीं. ज्याला झालें असेल त्याला तें दाढीच्या वेळीं झालें हें कळणारच नाहीं. कंगवे, टॉवेल आणि मशीन यांच्यावरून जाणारा रोग मात्र दिसतो. तो म्हणजे नायटा. त्याच्या बुरशीचे कण वस्तूंवर कित्येक महिने टिकतात, आणि अलीकडच्या वर्षांत आपल्या देशांत नेहमींच्या औषधांना दाद न देणारा नायटा पुष्कळ वाढला आहे, असें त्वचारोगाचे डॉक्टर सांगतात.

आणि एक गोष्ट तरुणानें अण्णांना अवश्य सांगावी. पातें बदलतांना बोट कुणाचें कापतें? अण्णांचें. गिऱ्हाईक महिन्यांतून एकदां त्या खुर्चीवर बसतें. अण्णा रोज बारा वेळां त्या पात्याशीं खेळतात. हिपॅटायटिस बीची लस आहे. मोठ्या माणसांना ती सहा महिन्यांत तीन वेळां टोंचतात. देशाच्या लहान मुलांच्या लसीकरणांत ती २०११ च्या सुमारास सर्वत्र आली, म्हणजे अण्णांच्या पिढीला ती मिळालेली नाहीं, आणि तरुणालाहि मिळालेली असेलच असें नाहीं. 'गिऱ्हाइकासाठीं करा' असें म्हटल्यानें जो माणूस हलत नाहीं, तो 'अण्णा, तुमच्या जिवासाठीं म्हणतों' असें म्हटल्यानें पुष्कळदां हलतो, विशेषतः हें म्हणणारा खरोखर तसें मानीत असला तर.

आतां तडजोडीकडे येऊं. तडजोड चांगली, असें आपण लहानपणापासून ऐकतों. मला वाटतें, तडजोड ही टापटिपीच्या क्षेत्रांतली गोष्ट आहे. जमीन प्रत्येक गिऱ्हाइकानंतर झाडावी कीं दोन गिऱ्हाइकांनंतर, झाडू कोणी मारावा, फळीवरच्या बाटल्या कोणत्या क्रमानें असाव्या, या बाबतींत तरुणानें खुशाल अण्णांचें ऐकावें, आणि मनापासून ऐकावें. जमिनीवर केस राहिले तर पाय घसरण्याची भीति आहे आणि दिसतेंहि वाईट. पण गिऱ्हाइकाच्या प्रकृतीला त्यांचा धोका कंगव्याच्या मानानें फारच थोडा. पात्याच्या बाबतींत मात्र मधला मार्ग असूंच शकत नाहीं. एक म्हणतो पातें दर वेळीं बदला, दुसरा म्हणतो रोज एकदां बदला, म्हणून दर दोन गिऱ्हाइकांनीं बदलूं, असा निवाडा करणारा मालक शहाणा नव्हे. जेथें रक्ताचा संबंध आहे तेथें मागें हटूं नये, आणि जेथें नाहीं तेथें हट्ट धरूं नये. दुर्दैवानें माणसें नेमकें याच्या उलट करतात: झाडूवरून महिनाभर भांडतात आणि तुरटीविषयीं एकदां बोलून गप्प बसतात, कारण झाडू रोज डोळ्यांना खुपतो.

बरोबर असणें आणि तें दुसऱ्याला पटणें या दोन अगदीं वेगळ्या गोष्टी आहेत. याचें वैद्यकाच्या इतिहासांतील सर्वांत दुःखदायक उदाहरण सेमेलवाइस याचें. व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालयाच्या प्रसूतिविभागांत तो काम करीत होता. तेथें डॉक्टर व विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींना तपासावयाला येत, आणि बाळंतरोगानें बायका मरत. १८४७ च्या मे महिन्यांत त्यानें नियम केला कीं, क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यानें हात धुतल्यावांचून कोणी आंत यावयाचें नाहीं. एप्रिलमध्यें शेंकडा १८ बायका दगावल्या होत्या; जुलैमध्यें तें प्रमाण शेंकडा १ वर आलें. याहून स्पष्ट पुरावा काय असावयाचा? तरीहि त्याच्या वरिष्ठांना आणि बरोबरीच्या डॉक्टरांना तें पटलें नाहीं. आपल्याच हातांनीं बायका मेल्या, हें कबूल करणें कुणाला सोपें आहे? त्याची नेमणूक १८४९ मध्यें संपली ती पुन्हां झाली नाहीं. आपलें म्हणणें सविस्तर सांगणारा ग्रंथ त्यानें काढला तो १८६१ मध्यें. आणि त्यावर टीका झाली तेव्हां त्यानें टीकाकारांना उघड पत्रें लिहून खुनी म्हटलें. १८६५ मध्यें वेड्यांच्या इस्पितळांत तो वारला. जंतूंच्या शास्त्रानें पुढें त्याचेंच म्हणणें खरें ठरविलें. त्याच्या वरिष्ठांचा दोष मोठा, यांत शंका नाहीं. पण ज्याला 'खुनी' म्हटलें तो माणूस हात धुवावयाला येईल, ही अपेक्षा व्यर्थ होती, आणि मधल्या वर्षांत बायका मरतच होत्या.

आमच्या दुकानांतल्या तरुणानें हें ध्यानांत ठेवावें. खुर्चीवर गिऱ्हाईक असतांना त्यानें अवाक्षर काढूं नये. आठवड्याच्या सुट्टीच्या आदल्या रात्रीं, दुकान आवरल्यावर, चहा मागवावा आणि प्रश्न विचारावा, तोहि ज्याचें उत्तर अण्णांनाच माहीत आहे असा: "अण्णा, कात्रीला गंज न चढतां हें सगळें भिजवावयाचें कसें? माझ्या हातून धार जाते." आपल्या हातून धार जाते हें खरेंच असल्यामुळें त्यांत लाचारी कांहीं नाहीं. अण्णा तासभर बोलतील. पोलाद, तेल, सहाण, दमट हवा, सगळें येईल. मग कंगव्याचा विषय आपोआप निघतो. अण्णांच्या बाजूनें पाहिलें तर त्यांनीं एवढेंच म्हणावें: "दाखव बघूं, तुझ्या शाळेंत कसें शिकवितात." या एका वाक्यानें वडीलकीला कांहीं कमीपणा येत नाहीं, उलट ती वाढते, पण 'मास्तर' ही हांक मात्र त्यांनीं सोडली पाहिजे.

आणि बोलावयाला बसल्यावर पुष्कळदां असें दिसून येतें कीं, भांडण तत्त्वाचें नव्हतेंच. हिशेब करून पाहा. एका खुर्चीवर दिवसाला १२ गिऱ्हाइकें धरूं. प्रत्येकानंतर कंगवा धुवावयाला, मूठ साफ करावयाला, खुर्ची पुसावयाला २ मिनिटें. म्हणजे दिवसाला २४ मिनिटें, साधारण एका गिऱ्हाइकाइतका वेळ. पुष्कळ दुकानांत कारागिराला महिन्याचा पगार नसून दर गिऱ्हाइकामागें वांटा असतो. तेव्हां ही २४ मिनिटें मालकाच्या वेळांतून जात नाहींत, अण्णांच्या खिशांतून जातात. अण्णांना मुलीचें शिक्षण आहे, घरभाडें आहे. तरुण एकटा आहे, त्याला एक गिऱ्हाईक कमी झालें तरी चालतें. 'जुन्या माणसाचा हेका' म्हणून ज्याला आपण नांव ठेवीत होतों तो असा निघतो. मग उपायहि निघतो. १० मिनिटें भिजण्याला लागतात आणि एक केशकर्तन २५ मिनिटांचें, तर दर खुर्चीमागें कंगव्यांचे तीन संच पुरेत: एक हातांत, एक औषधांत, एक धुतलेला कोरडा. एका केशकर्तनाच्या दरांत दोन-तीन चांगले कंगवे येतात. मशीनच्या पात्यांचा एक जादा जोड, टॉवेल दर गिऱ्हाइकाला एक याप्रमाणें, आणि तुरटीच्या खड्याऐवजीं थोडी पूड कागदावर किंवा कापसावर घेऊन तो कापूस टाकून द्यावयाचा. मोठ्या तुरटीचा खडा फोडला कीं पूड झाली. अण्णांची तुरटीहि राहिली आणि तरुणाचा आक्षेपहि गेला. दोन सहकारी महिनोन् महिने ज्यावरून धुमसत होते तें सहा कंगव्यांत आणि एका खलबत्त्यांत मिटण्यासारखें होतें. मालक मात्र हा खर्च करीत नाहीं, आणि दोघांच्या भांडणांत न पडण्याचा मोठेपणा मिरवितो! असल्या मालकाला मी निःपक्षपाती म्हणणार नाहीं. वांट्यांत स्वच्छतेचा वेळ धरणें हें त्याचें काम आहे.

बोलणें झालेंच नाहीं तर काय होतें? अबोला होतो, आणि अबोला हा या धंद्यांत नुसता मनाचा प्रश्न राहत नाहीं. समजा, दुकानांतली मोरी तुंबली आहे आणि कोपऱ्यांत एकच बादली आहे. तरुण सकाळीं तिच्यांत ब्लीच ओततो. अण्णा त्याच्याशीं बोलत नाहींत. ते येऊन त्याच बादलींत फरशी धुण्याचें अॅसिड ओततात. ब्लीच आणि अॅसिड एकत्र आले कीं क्लोरीन वायु सुटतो, तोच वायु जो १९१५ मध्यें पहिल्या महायुद्धांत शत्रूवर सोडला होता. बंद दुकानांत तो डोळे, घसा आणि फुप्फुसें होरपळतो. घरीं मोरी धुणाऱ्यांनींहि हें लक्षांत ठेवावें. दुकानांत तरी बादलीवर कोणतें औषध, केव्हां केलें, कुणी केलें, एवढी चिठ्ठी चिकटवावी. जे एकमेकांशीं बोलत नाहींत त्यांना निदान चिठ्ठी वाचतां येते.

२०२० मध्यें करोनाच्या सांथींत हा सगळा वाद कांहीं काळ मिटला होता. महाराष्ट्रांत २८ जून २०२० पासून केशकर्तनालयें पुन्हां उघडलीं तीं सरकारी अटींवर: टॉवेल एकदां वापरून टाकून देण्याचे, हत्यारें दर गिऱ्हाइकानंतर निर्जंतुक, जमीन दर दोन तासांनीं. त्या वेळीं अण्णा आणि तरुण भांडले नाहींत, कारण हुकूम दोघांपैकीं कुणाचाच नव्हता. पुढें सांथ ओसरली, हुकूम गेले, आणि पुष्कळ दुकानांत ब्रश पुन्हां फळीवर आला. हुकुमानें लागलेली संवय हुकुमाबरोबर जाते. परंतु त्या काळानें एक युक्ति दाखविली, ती उचलण्याजोगी आहे: नियम भिंतीवर असावा, माणसाच्या तोंडीं नसावा. दोघांनीं बसून, स्वतःच्या हस्ताक्षरांत, पांच ओळी लिहून आरशाशेजारीं लावाव्या. मग विसरणाऱ्याला दुसऱ्यानें टोंकण्याची पाळी येत नाहीं. नुसतें भिंतीकडे पाहिलें कीं पुरें.

इतकें करूनहि अण्णांनीं खडा सोडला नाहीं तर? असे हट्टी लोक असतात, तरुणांतहि असतात. तेव्हां तरुणानें मालकाकडे जावें, पण त्याआधीं अण्णांना तोंडावर सांगावें: "अण्णा, झाडूचें मी तुमचें ऐकलें. हें मात्र मी मालकांना सांगणार आहें." पाठीमागें सांगितलें तर ती चुगली ठरते, आणि मग खडा गेला तरी शेजार राहत नाहीं. गिऱ्हाइकाच्या कानांत 'त्या खुर्चीवर बसूं नका' असें कुजबुजणें हा सर्वांत वाईट मार्ग. त्यानें अण्णांचें पोट तुटतें, आणि जो त्यांच्या खुर्चीवर बसावयाचा तो बसतोच.

आतां आपण गिऱ्हाइकांनीं काय करावें? दोघांत न्यायाधीश होऊं नये. एकाजवळ दुसऱ्याची तक्रार करूं नये; आपण उठून जातों, त्यांना रात्रीपर्यंत शेजारीं उभें राहावयाचें असतें. दाढी असेल तर पातें आपल्यासमोर वेष्टणांतून काढावयाला सांगावें, आणि तें सांगतांना आवाज चढवूं नये; अण्णा न रागावतां दाखवितील. खडा गालाकडे येऊं लागला कीं "तुरटी नको, अण्णा, नुसतें गार पाणी द्या," असें म्हणावें. ओला टॉवेल कुणी वापरलेला दिसला तर कोरडा मागावा, किंवा घरून आणावा. आणि कारागीर कंगवा धुवावयाला मोरीकडे गेला तर घड्याळाकडे पाहून चुळबूळ करूं नये. रविवारच्या सकाळीं दुकानांत गर्दी असते आणि प्रत्येकाला घाई असते. शक्य असेल त्यानें आठवड्याच्या मधल्या दिवशीं, दुपारीं जावें. त्या वेळीं दुकान रिकामें असतें, औषधांत भिजलेले कंगवे बाहेर काढून पुसलेले असतात, आणि अण्णांना बोलावयाला सवड असते.